चार फळ्या

आमचे घर मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीत. अब्बा सतार आणि तानपुरे करतात. दादाअब्बाही तेच करीत. त्यांच्या आधीचे लोक तलवारी आणि भाल्यांना धार लावीत असत, हे शिकलगारांच्या कोणत्याही घरात ऐकायला मिळते. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे गिऱ्हाईक संपले आणि त्याच हातांनी भोपळा, लाकूड आणि तार धरली. आम्ही मात्र घरातल्या पहिल्या अशा, की ज्यांनी रंधा सोडून खडू धरला. बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. ‘आम्ही’ म्हणजे एकट्याच. शाळेत दिवसभर ‘हम’ म्हणायची सवय लागली आहे, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.

धाकट्या भावाने रंधाही धरला नाही आणि खडूही नाही. त्याने गिटार धरली. सतारमेकराच्या घरात गिटार म्हणजे हकिमाच्या घरात इंजेक्शन. अब्बांनी त्याला मारले नाही, रागावले नाहीत, फक्त त्या वाद्याबद्दल बोलणे बंद केले. गिटार दाराआड उभी असे आणि अब्बा तिला ओलांडून जात. मिरजेत संगीताला नावे ठेवणारे थोडेच. जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि दर वर्षी तिथे गायन-वादनाची हजेरी लागते, त्या गावात वाद्य वाजवतो म्हणून कोण कोणाला बोलणार? अब्बांचे दुखणे वेगळे होते. मुलगा हाताने वाद्य घडवणार नाही, तयार वाद्य विकत आणून विजेवर वाजवणार, हे ते दुखणे.

भाऊ एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, लग्नसराईत महिन्याला आठ-दहा कार्यक्रम. पैसे साठवून त्याने बॉस कंपनीचा कटाना-१०० हा अँप्लिफायर सेकंडहँड घेतला. आणि २०२१ च्या डिसेंबरात रात्री कार्यक्रमाहून परतताना एका ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवले. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

त्यानंतरचे सहा महिने आम्ही लिहिणार नाही. जयपूर फूट बसला एवढेच सांगतो. हा पाय १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी मिळून घडवला. शर्मा डॉक्टर नव्हते, कारागीर होते. अब्बांना हे सांगितले तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी खुलून बोलले. पायातले रबर कसे, लाकूड कुठे, सांधा कसा, सगळे दाबून पाहिले आणि म्हणाले, “कारीगर का काम है. दिखता है.”

भाऊ चालू लागला. गिटारही वाजू लागली, कारण हात शाबूत होते. अडले ते भलत्याच ठिकाणी.

ज्यांनी ऑर्केस्ट्रा फक्त खुर्चीत बसून ऐकला आहे त्यांना कल्पना नसते, पण विजेची गिटार हातांइतकीच पायाने वाजते. गाण्याच्या ओळीमागे स्वच्छ, मऊ आवाज लागतो. ध्रुपदाला थोडा खरखरीत. मध्ये गिटारचा एकट्याचा तुकडा आला की भरदार, लांब टिकणारा. दोन्ही हात तारांवर गुंतलेले, म्हणून हे बदल जमिनीवरच्या पेडलने करायचे. तयार पेडलवर बटणे एका ओळीत, एकमेकांच्या जवळ असतात. चांगला पाय असलेला माणूस न बघता बोटांच्या अंदाजाने हवे ते बटण दाबतो. भावाने डाव्या पायाने दाबायचे म्हटले तर सगळा भार कृत्रिम पायावर येऊन तोल जाई. उजव्याने दाबायचे तर घोट्याला जाणीव नाही. “आपा, बटन दबा क्या नै दबा, मेरेकूच मालूम नै पड़ता,” तो म्हणाला. एकदा दोन बटणे एकदम दाबली गेली आणि दुःखाच्या गाण्यात मध्येच गिटार किंचाळली. ऑर्केस्ट्रावाल्यांनी पुढच्या कार्यक्रमाला दुसरा मुलगा घेतला. त्यांना दोष देत नाही, लग्नघरचे पैसे परत द्यावे लागतात. भावाने गिटार विकायचे ठरवले हे आम्हाला त्याच्याकडून नव्हे, विकत घ्यायला आलेल्या पोराकडून कळले. त्या पोराला आम्ही चहा पाजून परत पाठवले.

मग आम्ही अँप्लिफायरच्या पाठीमागे बसलो. विज्ञानशिक्षकाची खोड, कोणतीही वस्तू आधी उलटी करून बघायची. मागे यूएसबीचे भोक दिसले. ते संगणकाला जोडून आवाज ध्वनिमुद्रित करता येतो हे भावाला ठाऊक होते. त्याच भोकातून अँप्लिफायरला हुकूमही देता येतात, हे वाचून-विचारून आम्हाला कळले. ते हुकूम ज्या भाषेत जातात तिचे नाव मिडी.

मिडीची गोष्ट आम्ही वर्गातही सांगतो, कारण ती आम्हाला फार आवडते. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीची विजेची वाद्ये आपापली बोली बोलत. एकीच्या वाद्याला दुसरीचे कळत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानातले इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन एक समाईक भाषा ठरवली. काकेहाशी म्हणजे रोलंड कंपनीचे संस्थापक, बॉस ही तिचीच शाखा. तरुणपणी ते घड्याळे दुरुस्त करीत. १९८३ च्या जानेवारीत एका अमेरिकी आणि एका जपानी वाद्यामध्ये तार जोडली, आणि एकाची पट्टी दाबल्यावर दुसरे वाजले. ही भाषा कोणालाही फुकट वापरू दिली. तिच्यासाठी दोघांना २०१३ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला, तीस वर्षांनी. भाषा मात्र तोपर्यंत जगभर पसरली होती.

मिडीतून आवाज जात नाही, हे मुलांना पटवायला वेळ लागतो. आम्ही शाळेच्या घंटेचे उदाहरण देतो. शिपाई तीन टोले देतो, टोल्यांत इतिहास नसतो की भूगोल नसतो, पण सगळ्या वर्गांना कळते की आता तिसरा तास. तसे मिडीतून फक्त आकडे जातात. ‘दुसरा आवाज लाव’ एवढाच निरोप. आवाज अँप्लिफायर स्वतः करतो.

अडचण अशी की या अँप्लिफायरला मिडीची जुनी पाच टोकांची गोल खुंटी नाही. यूएसबीतून बोलायचे तर समोर संगणकच हवा. पेडल थेट जोडता येत नाही. लग्नाच्या स्टेजवर लॅपटॉप कोण ठेवणार? वऱ्हाडातली पोरे त्यावर सरबत सांडतील. म्हणून रास्पबेरी पाय.

हे नाव ऐकून अम्मीला ते खायचे वाटले. तो एक उघडा संगणक आहे, पत्त्यांच्या कॅटएवढा. इंग्लंडात केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ मध्ये तो आणला, तोही शाळकरी मुलांनी प्रोग्रॅम लिहायला शिकावे म्हणून. एका शिक्षिकेला याहून जास्त शिफारस नको. सांगलीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून तिसऱ्या पिढीचा वापरलेला पाय मिळाला. त्यावर लिनक्स चालते. फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही संगणकप्रणाली, हीही फुकट. एमएस-सीआयटीत आम्ही विंडोज शिकलो होतो. लिनक्सशी बसून बोलायचे म्हणजे चित्रे नाहीत, माउस नाही, काळ्या पाटीवर हुकूम लिहायचा आणि उत्तराची वाट बघायची. खरे सांगायचे तर आम्हाला ते घरच्यासारखे वाटले. पाटीवर लिहिणे हाच तर धंदा.

अँप्लिफायर जोडून ‘अमिडी’ नावाच्या हुकुमाने यादी मागितली, तर तिच्यात कटानाचे नाव आले. पहिला टप्पा पाच मिनिटांत पार. दुसऱ्याला अकरा रात्री लागल्या.

आवाज बदलायचा निरोप सोळा आकड्यांचा आहे. जगभरच्या हौशी लोकांनी कंपनीचे सॉफ्टवेअर आणि अँप्लिफायर यांच्यातला संवाद ऐकून तो शोधून काढला आणि मांडून ठेवला आहे. सोळाच्या मोजणीत तो असा दिसतो: एफ० ४१ ०० ०० ०० ०० ३३ १२ ०० ०१ ०० ०० ०० ०१ ७ई एफ७. सुरुवातीचा एफ० म्हणजे ‘ऐका’. ४१ हा रोलंडचा क्रमांक. पुढे यंत्राचा क्रमांक आणि ३३ वर संपणारा मॉडेलचा क्रमांक. १२ म्हणजे ‘मी देतो ते लिहून घे’. मग कुठे लिहायचे तो चार आकड्यांचा पत्ता, मग दोन आकड्यांत काय लिहायचे ते, येथे पहिला आवाज. शेवटचा एफ७ म्हणजे ‘संपले’. त्याच्या आधीचा ७ई हा पडताळा. निरोप वाटेत बिघडला नाही ना, हे अँप्लिफायर त्यावरून तपासतो.

पहिल्या आवाजाचा निरोप जसाच्या तसा पाठवला, तर दिवा बदलला आणि आम्ही उडीच मारली. बाकीच्या तिन्ही आवाजांचे निरोप स्वतः हिशेब करून बनवायचे ठरवले, नक्कल करायची नाही म्हणून. शिक्षकी ताठा. एकही चालला नाही. पडताळा चुकला की अँप्लिफायर रागावत नाही, ओरडत नाही, ऐकलेच नाही असे करतो. मागच्या बाकावरची मुले करतात तसे. अकराव्या रात्री लक्षात आले की आम्ही सगळ्याच आकड्यांची बेरीज घेत होतो. बेरीज फक्त पत्ता आणि मजकूर यांची घ्यायची. ती १२८ मधून वजा करायची. बेरीज १२८ किंवा अधिक झाली तर आधी १२८ ने भागून बाकी घ्यायची. पहिल्या आवाजाला १ अधिक १, म्हणजे २. १२८ वजा २, १२६. सोळाच्या मोजणीत सात सोळे ११२ आणि वर चौदा, चौदाला ई, म्हणून ७ई. दुसऱ्याला ७डी, तिसऱ्याला ७सी, चौथ्याला ७बी. पाचवीच्या मुलीला जमेल असे गणित. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने भागाकारात बाकी चुकवली, तेव्हा आम्ही तिला काही बोललो नाही.

आता पेडल. येथे आम्हाला अब्बांकडे जाणे भाग होते.

अब्बांच्या मनात विजेच्या डब्याबद्दल जुनी अढी आहे आणि ती खोटी नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तो मोबाइलमध्ये शिरला, आणि ज्या गवयांच्या घरी दोन-दोन तानपुरे लागत त्यांचे एकावर भागू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पण अब्बा ज्या वर्षांबद्दल बोलतात ती आधीची. आम्ही पाय त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा ते म्हणाले, “एक डब्बा आया, तानपुरे का गिऱ्हाईक खाया. तू दुसरा लायी?”

आम्ही काही समजावले नाही. भावाची दोन्ही पावले कागदावर आखून आणली होती, डावे खरे आणि उजवे रबराचे, तो कागद ठेवला. म्हटले, फळी अशी हवी की उजव्या पायाने कुठेही दाबली तरी दाबली जावी, शेजारच्या फळीला धक्का लागू नये, आणि दाबल्याचे गुडघ्याला कळावे, कारण घोट्याला कळत नाही. अब्बांनी कागद बराच वेळ पाहिला. मग विचारले, “कित्ता नीचे जाना?”

चार दिवसांनी तूनच्या लाकडाच्या चार फळ्या तयार होत्या. सतारीची दांडी ज्या लाकडाची होते तेच लाकूड. प्रत्येक फळी वीतभर रुंद, मध्ये चार बोटे मोकळी जागा, मागे बिजागरी, पुढे स्प्रिंग. बोटभर खाली गेली की खाली बसवलेल्या पट्टीवर ‘टक्’ असा ठोका बसतो. तो ठोका हाडातून गुडघ्यापर्यंत जातो. आम्ही फळीखाली मायक्रो स्विच बसवले आणि त्यांच्या तारा पायच्या चाळीस खुंट्यांपैकी चार खुंट्यांना आणि जमिनीच्या खुंटीला जोडल्या. फळी मोकळी असली की खुंटीवर एक वाचला जातो, दाबली की शून्य.

स्विच एकदाच दाबला तरी आतली पट्टी क्षणभर थरथरते आणि संगणकाला तो पाच-सहा वेळा दाबल्यासारखा दिसतो. हजेरी घेताना काही मुली एका नावाला तीनदा ‘हाज़िर’ ओरडतात, तसे. त्यावर उपाय, पहिली हाक घ्यायची आणि पुढचा थोडा वेळ कान बंद. आम्ही तो वेळ सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढा ठेवला आणि तो चारही फळ्यांना मिळून लावला. त्यामुळे पाय घसरून दुसरी फळी दाबली गेली तरी पहिलीच धरली जाते. गिटार मध्येच किंचाळण्याचे मूळ तेथे मिटले. प्रोग्रॅम जेमतेम चाळीस ओळींचा झाला.

घरात पहिल्यांदा वाजवले तेव्हा अब्बा कारखान्यात होते, दार उघडे होते. भावाने तिसरी फळी दाबली, भरदार आवाज. अब्बा घोडी घासत होते. त्यांनी मान वर न करता म्हटले, “जवारी फाटेली है इसकी.” आम्ही हसलो, पण नंतर विचार केला तर ते शब्दशः बरोबर होते. घोडीचा माथा कानसीने घासून तार त्याला किंचित चाटेल असा उतार दिला की सुरात वरचे उपसूर जागे होतात, तीच जवारी. अँप्लिफायर स्वराच्या लाटेचा शेंडा कापतो, त्यानेही नवे उपसूर येतात. एक कापणे हाताने, दुसरे विजेने. भावाने बटण थोडे मागे फिरवले. “अब?” अब्बांनी ऐकले. “और थोडा.” असे पाऊण तास चालले. दोघे त्या वाद्याबद्दल प्रथमच बोलत होते आणि आमच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

ऑर्केस्ट्रावाल्यांनी एक संधी दिली, जयसिंगपुरात एका स्वागतसमारंभाला. आम्ही बुरख्यात स्टेजच्या मागे बॅटरी घेऊन बसलो होतो. दोन गाणी उत्तम झाली. तिसऱ्यात वीज गेली. जनरेटर लागला, दिवे आले, अँप्लिफायर आला, पाय काही आला नाही. तो मोबाइलच्या चार्जरवर चालत होता. लिनक्सला निरोप न घेता वीज काढली तर मेमरी कार्डावर लिहिता लिहिता मध्येच तुटते आणि कार्ड बिघडू शकते, हे आम्ही वाचले होते आणि सोडून दिले होते. भावाने पुढची अकरा गाणी एकाच मऊ आवाजात वाजवली. परत येताना तो काही बोलला नाही. जीपमध्ये ढोलकीवाला म्हणाला, होतं असं. आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. त्याच्या हातातून गिटार एकदा जात होती ती आम्ही धरायला लावली होती, आणि सगळ्यांसमोर आमच्याच आळसाने तोंडघशी पडला होता.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. चार्जरऐवजी पॉवर बँक. कार्डावर काहीच लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था लिनक्समध्ये आहे, ती चालू केली. आता वीज कशीही जावो, कार्ड जसे होते तसे राहते. अँप्लिफायर बंद होऊन परत आला की त्याचा क्रमांक कधी एक, कधी दोन होतो आणि प्रोग्रॅम जुन्या क्रमांकाला हाका मारीत बसतो. म्हणून त्याला क्रमांकाने नव्हे, नावाने शोधायला लावले आणि सापडेपर्यंत दर दोन सेकंदांनी पुन्हा शोध. मग घरातला मेन स्विच आम्ही वीस वेळा पाडला. अम्मीने एकविसाव्या वेळी फ्रिजची शपथ घातली तेव्हा थांबलो.

ऑर्केस्ट्राने परत बोलावले ते दोन महिन्यांनी, तेही दुसरा मुलगा पुण्याला गेला म्हणून. तेव्हापासून भाऊ वाजवतो आहे. पूर्वीइतके कार्यक्रम नाहीत. खुर्चीवर बसून वाजवतो, मध्ये पाय काढून ठेवावासा वाटतो पण स्टेजवर काढत नाही.

अब्बांची एक वही आहे, केलेल्या प्रत्येक वाद्याची नोंद तिच्यात उर्दूत असते: तारीख, गिऱ्हाईक, लाकूड, रक्कम. मानांकनाच्या वेळी जुन्या नोंदी शोधताना ती आमच्या हाती आली. दोन तानपुऱ्यांच्या मध्ये एक ओळ होती. ‘चार तख़्ते, तून, एक जोड़ी पाँव के वास्ते.’ रकमेच्या जागी रेघ.

सध्या पावसाळा आहे. तून फुगते आणि तिसरी फळी खाली गेली की वर यायला उशीर लावते. परवा अब्बांनी ती काढून कारखान्यात नेली आहे. लाकूड सुकल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतात. शुक्रवारी इचलकरंजीला कार्यक्रम आहे, आणि भाऊ सकाळपासून तीनदा कारखान्याच्या दाराशी जाऊन आला आहे.